‘काळा हिरा’ आणि समरसतेचे चॉकलेट

ब्राझीलमध्ये ऐंशीहून अधिक वर्षे एक चॉकलेट खपते आहे. त्याचे नाव ‘दियामांते नेग्रो’, म्हणजे ‘काळा हिरा’. लाक्ता नावाच्या कंपनीने ते बाजारात आणले. पुढे कंपनीचे मालक बदलले, पण चॉकलेटचे नाव तेच राहिले. हे नाव एका माणसाचे टोपणनाव होते. लिओनिदास दा सिल्वा हा तो माणूस. फुटबॉलमधला आघाडीचा खेळाडू, १९३८ च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारा, वर्णाने काळा. टोपणनाव वापरू दिल्याबद्दल कंपनीने त्याला एकदाच एक रक्कम दिली आणि व्यवहार संपला. नंतर किती वड्या खपल्या, किती पिढ्यांच्या पोरांनी त्या चघळल्या, याचा हिशेब त्याच्या घरी कधी आला नाही.

आपल्याकडे ब्राझीलचे नाव निघाले की पेले आठवतो. २०२२ च्या डिसेंबरात पेले गेला, तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनीही पानेच्या पाने भरली. पण पेलेचा जन्म १९४० चा. त्याच्या जन्माआधी दोन वर्षे लिओनिदासने युरोपच्या मैदानांवर धुमाकूळ घातला होता. काळा खेळाडू हा ब्राझील या देशाचा चेहरा होऊ शकतो, हे पहिल्यांदा लिओनिदासने दाखवले. पेले, गरिंशा, पुढचे रोमारिओ, रोनाल्डिन्यो हे सगळे त्या वाटेवरून आले.

मग हा मजकूर खेळाच्या पानावर का नाही, असे कोणी विचारील. लिओनिदासच्या आयुष्यातला प्रश्न खेळाच्या पानावर मावणारा नाही, म्हणून तो इथे मांडतो आहे. ज्यांच्या वाडवडिलांना गुलाम म्हणून राबवले त्यांच्यातल्या एकाला तोच समाज एक दिवस डोक्यावर घेऊन नाचतो. अशा वेळी त्या माणसाच्या जातभाईंच्या वाट्याला काय येते? आणि त्या माणसाच्या स्वतःच्या वाट्याला तरी काय येते?

थोडा इतिहास पाहिला पाहिजे. आफ्रिकेतून पकडून अमेरिका खंडांत नेलेल्या माणसांपैकी सर्वाधिक माणसे ब्राझीलमध्ये उतरवली गेली. हा आकडा सुमारे ४८ लाख आहे. गुलामी कायद्याने बंद करण्यात अमेरिका खंडांतला शेवटचा देशही ब्राझीलच. १३ मे १८८८ रोजी ती बंद झाली. मालकांचे मळे मालकांकडेच राहिले. मुक्त झालेल्यांना जमीन दिली नाही, शाळा दिली नाही. साखळदंड काढला आणि ‘आता तुम्ही मोकळे’ म्हणून सांगितले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८९४ मध्ये, चार्ल्स मिलर नावाचा तरुण इंग्लंडमधले शिक्षण संपवून साओ पाउलोला परतला. येताना त्याने फुटबॉल आणि खेळाची नियमावली आणली. हा खेळ सुरुवातीला बड्या घरच्या गोऱ्या पोरांचा होता. क्लब त्यांचे, मैदाने त्यांची, पेव्हिलियनमधल्या टोप्या आणि छत्र्याही त्यांच्याच. काळी पोरे कुंपणाबाहेरून बघत आणि चिंध्यांच्या चेंडूने गल्लीत खेळत.

रिओच्या फ्लुमिनेन्से क्लबची १९१४ सालची एक हकिकत सांगतात. कार्लोस आल्बेर्तो नावाचा मिश्रवर्णीय खेळाडू सामन्याआधी चेहऱ्याला तांदळाची पावडर फासायचा. मैदानावर घाम यायचा, पावडर ओघळायची आणि खालची कातडी दिसायची. प्रेक्षक ‘तांदळाची पावडर, तांदळाची पावडर’ म्हणून ओरडायचे. तो दाढीनंतर नेहमीच पावडर लावायचा, असा खुलासा क्लबच्या बाजूने केला जातो. असेलही. पण गोऱ्यांच्या क्लबात शिरलेल्या माणसाला आपल्या चेहऱ्याची काळजी का करावी लागत होती, याचे उत्तर त्या खुलाशात नाही.

त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू आर्तुर फ्रिडेनराइश. बाप जर्मन वंशाचा, आई काळी. १९१९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत उरुग्वेविरुद्ध विजयी गोल त्यानेच केला आणि त्याचे बूट जवाहिऱ्याच्या दुकानात काचेमागे मांडले गेले. हाच माणूस सामन्याआधी डोक्याला टॉवेल गुंडाळून कुरळे केस सरळ करीत बसायचा आणि मैदानात सर्वांत शेवटी उतरायचा. दोनच वर्षांनी, १९२१ मध्ये, अर्जेंटिनाला जाणाऱ्या राष्ट्रीय संघात काळे खेळाडू नकोत अशी राष्ट्राध्यक्ष एपितासिओ पेसोआ यांची इच्छा असल्याची चर्चा झाली. संघ गेला तेव्हा फ्रिडेनराइश त्यात नव्हता. बूट काचेमागे आणि माणूस संघाबाहेर!

पहिली खरी धडक वास्को द गामा या क्लबने दिली. हा रिओतल्या पोर्तुगीज व्यापाऱ्यांचा, स्थलांतरितांचा क्लब. त्यांनी कामगार, हमाल, काळे, मिश्रवर्णीय आणि गरीब गोरे एकत्र करून संघ बांधला आणि १९२३ मध्ये, वरच्या साखळीतल्या पहिल्याच वर्षी, विजेतेपद पटकावले. (त्याच वर्षी आपल्याकडे, पालवणकर बाळूंना उभी कारकीर्द नाकारलेले हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले.) बड्या क्लबांना वास्कोचे हे यश झोंबले. त्यांनी १९२४ मध्ये वेगळी संघटना काढली आणि वास्कोला अट घातली की तुमचे १२ खेळाडू काढा. त्यांचा व्यवसाय संशयास्पद, त्यांना लिहिता-वाचता नीट येत नाही, अशी कारणे दिली. वर्णाचा उल्लेख कोठेही नाही! जात न विचारता जात कशी पाहायची, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. वास्कोच्या अध्यक्षांनी ७ एप्रिल १९२४ रोजी पत्र लिहून कळवले की हे खेळाडू वगळून तुमच्या संघटनेत येण्यापेक्षा आम्ही बाहेर राहतो. तीन वर्षांत क्लबने समर्थकांच्या वर्गणीतून स्वतःचे स्टेडियमही उभारले.

हे पत्र लिहिले गेले तेव्हा लिओनिदास दहा वर्षांचा होता. त्याचा जन्म ६ सप्टेंबर १९१३ चा, रिओ शहरातला. शाळेपेक्षा मैदान त्याला जास्त ओळखत होते. बोनसुसेसो या उपनगरातल्या छोट्या क्लबातून तो पुढे आला. उंची बेताची, शरीर रबरासारखे. चेंडू डोक्यावरून मागे जात असला तरी पाठ जमिनीकडे करून, हवेत आडवा होऊन, उलट्या लाथेने तो गोलात मारायचा. या फटक्याला ब्राझीलमध्ये ‘सायकल’ म्हणतात. हा फटका लिओनिदासनेच शोधला असे त्याचे चाहते सांगत आले आहेत. ते खरे नाही. चिलीमध्ये रामोन उन्सागा नावाचा खेळाडू तो लिओनिदासच्या आधीच मारत होता. पण तो फटका जगाच्या डोळ्यांत भरवला लिओनिदासने. आपल्या माणसाचे मोठेपण सांगताना इतरांचे श्रेय पळवण्याची गरज नसते. ती सवय दुसऱ्यांची आहे, ती त्यांनाच लखलाभ.

डिसेंबर १९३२ मध्ये मोंतेविदेओला उरुग्वेविरुद्ध सामना होता. उरुग्वे म्हणजे त्या वेळचा जगज्जेता. ब्राझीलने हा सामना २-१ असा जिंकला आणि दोन्ही गोल १९ वर्षांच्या लिओनिदासने केले. बचावफळीत दोमिंगोस दा गिया होता, तोही काळा. लगेच पुढच्या वर्षी उरुग्वेच्या पेन्यारोल क्लबने लिओनिदासला आणि नासिओनाल क्लबने दोमिंगोसला पैसे मोजून नेले. कारण साधे होते. ब्राझीलमध्ये तोवर ‘हौशी’ फुटबॉलचे सोवळे पाळले जात होते. खेळासाठी पैसे घेणे हलकेपणाचे मानले जाई. ज्यांच्या बापाचे मळे आहेत त्यांना हौस परवडते. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याने हौशीवर किती दिवस काढायचे? चांगले खेळाडू देश सोडू लागले तेव्हा, १९३३ मध्ये, रिओ आणि साओ पाउलोच्या क्लबांनी व्यावसायिक फुटबॉल मान्य केले. काळ्या खेळाडूंसाठी दार उघडले ते असे. कोणाच्या हृदयपरिवर्तनाने ते उघडले नव्हते.

परतल्यावर लिओनिदास १९३४ मध्ये वास्कोकडून विजेता झाला, १९३५ मध्ये बोताफोगोकडून. १९३६ मध्ये फ्लामेंगो क्लबने तीन काळे दिग्गज एकदम घेतले: लिओनिदास, दोमिंगोस आणि फाउस्तो. फ्लामेंगो हा श्रीमंत वस्तीतला नौकानयनाचा क्लब होता. या तिघांच्या पायांवर तो झोपडपट्टीचा, कामगारांचा, साऱ्या देशाचा लाडका क्लब झाला. आजही ब्राझीलमध्ये सर्वाधिक चाहते त्याचेच आहेत. त्या तिघांपैकी फाउस्तोला क्षयाने गाठले आणि १९३९ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी तो मेला. ‘काळे आश्चर्य’ म्हणत असत त्याला. टोपणनावांची या देशात कधी कमतरता नव्हती.

आता १९३८ सालाकडे येऊ. विश्वचषक फ्रान्समध्ये होता. १९३४ च्या इटलीतल्या विश्वचषकात ब्राझील पहिल्याच सामन्यात स्पेनकडून ३-१ असा हरून परतला होता. तो एकमेव गोलही लिओनिदासचाच. या वेळी मात्र संघ निवडताना गटबाजी थोडी बाजूला ठेवली गेली आणि दोमिंगोस, लिओनिदास हे संघाचे खांब ठरले. ५ जून रोजी स्ट्रासबुर्गला पोलंडशी सामना झाला. पावसाने मैदानाचा चिखल झालेला. मध्यंतराला ब्राझील ३-१ ने पुढे होता. ९० मिनिटांनंतर ४-४. जादा वेळेत लिओनिदासने दोन गोल करून आपले तीन पूर्ण केले आणि ब्राझीलने ६-५ असा सामना काढला. पोलंडच्या विलिमोव्स्कीने एकट्याने ४ गोल करूनही त्याचा संघ हरला. या सामन्यात लिओनिदासचा बूट फाटला, त्याने अनवाणी गोल मारला आणि चिखलाने काळे झालेले पाय पंचाला ओळखूच आले नाहीत, अशी कथा पुढे रंगवून सांगितली गेली. गोल अनवाणी झाला की नाही हे बाजूला ठेवू. पण ही कथा एवढी आवडीने का सांगितली गेली, याचा विचार जरूर करावा. युरोपला अनवाणी काळा माणूस हवा होता. लिओनिदास मात्र पायात बूट घालून, करारावर सही करून, मोबदला ठरवून खेळणारा व्यावसायिक होता.

१२ जूनला बोर्दो येथे चेकोस्लोव्हाकियाशी सामना. तो इतका हाणामारीचा झाला की तिघांना मैदानाबाहेर काढले गेले. १-१ अशी बरोबरी राहिली, जादा वेळेतही निकाल नाही. १४ जूनला तोच सामना पुन्हा खेळवला. ब्राझीलच्या प्रशिक्षकाने नऊ खेळाडू बदलले. दोघेच दोन्ही सामन्यांत खेळले, गोलरक्षक वॉल्टर आणि लिओनिदास. दोन्ही दिवशी लिओनिदासने गोल केला, दुसऱ्या सामन्यात ब्राझील २-१ ने जिंकला. मग १६ जूनला मार्सेयला इटलीशी उपांत्य सामना. त्यात लिओनिदास नव्हता. ब्राझील २-१ असा हरला.

प्रशिक्षक आदेमार पिमेंता यांनी अंतिम सामन्यासाठी लिओनिदासला ‘राखून ठेवले’ आणि गर्वाचे घर खाली झाले, ही गोष्ट जगभरच्या क्रीडालेखकांनी पिढ्यान्‌पिढ्या उगाळली. तारखा पाहिल्या तर वेगळे चित्र दिसते. चार दिवसांत तिसरा सामना, आधीच्या दोन सामन्यांत १२० आणि ९० मिनिटे खेळलेला आणि लाथा खाल्लेला माणूस. त्याचे पाय उरले नव्हते. नऊ जणांना विश्रांती मिळाली आणि ज्याच्यावर सारी भिस्त त्याला तेवढी मिळाली नाही, हे त्या गोष्टीत कोणी सांगत नाही. तीन दिवसांनी तो पुन्हा उतरला आणि स्वीडनविरुद्ध दोन गोल करून ब्राझीलला ४-२ असे तिसरे स्थान मिळवून दिले. चार सामन्यांत ७ गोल. स्पर्धेत इतके गोल दुसऱ्या कोणाचे नव्हते.

घरी तोवर वेगळेच वारे वाहत होते. १९३७ पासून जेतुलिओ वार्गास यांची हुकूमशाही सुरू होती. संघाची ‘मानलेली आई’ म्हणून त्यांची कन्या अल्झिरा मिरवत होती. फ्रान्समधून सामन्यांचे धावते वर्णन पहिल्यांदाच रेडिओवरून थेट ऐकू येत होते, चौकाचौकांत लाउडस्पीकर लागले होते. लिओनिदास परतला तो राष्ट्रपुरुष होऊन. ‘रबरी माणूस’, ‘काळा हिरा’ ही परदेशी पत्रकारांच्या तोंडची नावे देशभर झाली. चॉकलेट आले ते याच लाटेत.

आणि याच जूनमध्ये जिल्बेर्तो फ्रेइरे या विद्वानाने ‘दियारिओ दे पेर्नाम्बुको’ या वृत्तपत्रात एक लेख लिहिला. फ्रेइरे ईशान्य ब्राझीलमधल्या जुन्या जमीनदार घराण्यातले. त्यांनी लिहिले की ब्राझीलच्या फुटबॉलची जादू ही रक्तांच्या मिश्रणातून आलेली आहे, काळे आणि मिश्रवर्णीय खेळाडू पाठवण्याचे धैर्य दाखवले म्हणून यश मिळाले. फ्रेइरेंना न्याय द्यायचा तर हे सांगितले पाहिजे की त्या काळी काळे रक्त हा देशावरचा डाग आहे, गोरे स्थलांतरित आणून देश ‘उजळ’ करावा, असे उघड म्हणणारे पंडित तिथे होते. त्यांच्यासमोर फ्रेइरेंचे म्हणणे पुढचे पाऊल होते. पण त्याच विचारातून पुढे ब्राझीलची लाडकी दंतकथा घडली, ‘वांशिक लोकशाही’ची. अमेरिकेत काळ्यांना जाळतात, आमच्याकडे बघा, आम्ही सगळे मिसळून गेलो आहोत. आमच्याकडे वंशभेद नाहीच. पुरावा? लिओनिदास!

हा युक्तिवाद आपल्याला कोठेतरी ऐकल्यासारखा वाटेल. आपल्याकडे त्याला समरसता म्हणतात. उतरंड तशीच ठेवायची, वरच्या मडक्याला धक्का लावायचा नाही आणि खालच्याला सांगायचे की आपण सारे एकाच मातीचे. समतेची मागणी केली की हे लोक दुखावतात, समरसतेचे चॉकलेट मात्र सढळ हाताने वाटतात. त्याच १९३८ सालच्या जानेवारीत मुंबईच्या विधिमंडळात ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न आला होता. अस्पृश्यांना गोड नाव देणाऱ्यांनी त्यांचे ऐकून घेतले नाही, म्हणून बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृह सोडून बाहेर पडले. नाव गोड देऊन हक्क हातचे राखायचे, हा डाव आपण तेव्हाच ओळखला. ब्राझीलच्या काळ्यांनीही ओळखला. लिओनिदासहून काही महिन्यांनी लहान असलेल्या आब्दियास दो नासिमेंतो याने १९४४ मध्ये काळ्यांची स्वतंत्र रंगभूमी उभारली आणि वांशिक लोकशाही ही फसवणूक आहे, असे तो आयुष्यभर सांगत राहिला.

डोक्यावर घेतलेल्या लिओनिदासचे काय झाले? तीन वर्षेही लागली नाहीत. १९४१ मध्ये त्याचा गुडघा जायबंदी होता आणि त्यावरून फ्लामेंगोशी त्याचा वाद पेटला. खेळ म्हणणाऱ्या क्लबला त्याने नाही म्हटले. मग त्याच्या सैनिकी सेवेचे प्रमाणपत्र बनावट असल्याचे प्रकरण बाहेर आले आणि त्याला आठ महिन्यांची कैद झाली. प्रमाणपत्र बनावट होते, त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण १९३८ मध्ये राष्ट्राचा हिरा असताना कोणालाही न दिसलेला कागद, क्लबशी भांडण झाल्यावरच कसा दिसला, एवढे विचारण्याचा हक्क वाचकाला आहे. वृत्तपत्रे त्याला आधीपासूनच गर्विष्ठ म्हणत होती. चांगले कपडे घालतो, पैशाची बोलणी स्वतः करतो, पंचाशी वाद घालतो. मान खाली घालून खेळणाऱ्या काळ्या खेळाडूचे कौतुक करायला सारे तयार होते. लिओनिदासची मान खाली जात नव्हती.

तुरुंगातून सुटल्यावर १९४२ मध्ये त्याला साओ पाउलो क्लबने घेतले. किंमत मोजली २०० कोंतो, तेव्हाचा विक्रम. वय २८, गुडघा दुखरा, माथ्यावर कैदेचा शिक्का. विरोधकांनी त्याला ‘दोनशे कोंतोंची ट्राम’ म्हणून हिणवले. गावाकडच्या भोळ्या माणसाला शहरातली चालती ट्राम विकणाऱ्या ठगाची गोष्ट तिथे प्रसिद्ध होती. म्हणजे क्लब फसला, असे त्यांचे म्हणणे. पण स्टेशनावर त्याला उतरवून घ्यायला हजारोंची गर्दी लोटली आणि २४ मे १९४२ च्या त्याच्या पहिल्या सामन्याला पाकाएम्बू स्टेडियमवर सत्तर हजारांहून अधिक माणसे आली. सामना कोरिन्थियान्सशी ३-३ असा सुटला.

त्या राज्यातले विजेतेपद तेव्हा कोरिन्थियान्स आणि पाल्मेइरास यांच्यातच फिरे. १९४३ च्या हंगामाआधी लोक गमतीने म्हणत, नाणे उडवा, छाप पडली तर एक, काटा पडला तर दुसरा. आणि साओ पाउलो? नाणे कडेवर उभे राहिले तर! १९४३ मध्ये नाणे कडेवर उभे राहिले. पुढे १९४५, १९४६, १९४८ आणि १९४९ मध्येही. ट्राम म्हणून हिणवलेल्या माणसाने सात-आठ वर्षांत त्या क्लबसाठी १४० हून अधिक गोल केले. त्याच्या उलट्या फटक्याचे जे छायाचित्र जगभर गेले ते १९४८ मधले, साओ पाउलोच्याच युव्हेंतुस या छोट्या क्लबविरुद्धच्या सामन्यातले. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता.

मधल्या काळात महायुद्धाने १९४२ आणि १९४६ चे दोन्ही विश्वचषक गिळले. लिओनिदास तेव्हा २८ आणि ३२ वर्षांचा. आघाडीच्या खेळाडूची भरात येण्याची हीच वर्षे. पेलेला चार विश्वचषक मिळाले. लिओनिदासला दोन मिळाले आणि त्यातला पहिला एका सामन्यात संपला. त्याची कीर्ती पेलेइतकी का पसरली नाही, याचे एक कारण इतके साधे आहे.

१९५० मध्ये विश्वचषक ब्राझीलमध्येच झाला. प्रशिक्षक फ्लाविओ कोस्ता हे फ्लामेंगोच्या काळापासून लिओनिदासशी बिनसलेले गृहस्थ. ३६ वर्षांचा लिओनिदास संघात नव्हता. निर्णायक सामन्यात १६ जुलै रोजी माराकाना स्टेडियमवर ब्राझील उरुग्वेकडून २-१ असा हरला आणि देशाने दोषी शोधले. गोलरक्षक बार्बोसा, बचावपटू बिगोदे आणि जुवेनाल. तिघेही काळे. ज्या मिश्र रक्ताचे गोडवे १९३८ मध्ये गायले, तेच रक्त १९५० मध्ये भित्रे ठरले. बार्बोसा २००० साली मरेपर्यंत हा ठपका सोसत राहिला. त्याच १९५० मध्ये कॅथरिन डनहॅम या काळ्या अमेरिकी नर्तकीला साओ पाउलोच्या एका आलिशान हॉटेलाने खोली नाकारली. बोभाटा झाल्यावर १९५१ मध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा करावा लागला. वंशभेद नसलेल्या देशाला त्याविरुद्ध कायदा कशाला लागला, हे फ्रेइरेंच्या चाहत्यांनी कधी सांगितले नाही.

ही दंतकथा किती चिवट निघाली, ते पुढे आरक्षणाच्या वेळी दिसले. २००३ पासून रिओच्या राज्य विद्यापीठाने काळ्यांसाठी राखीव जागा ठेवायला सुरुवात केली, तेव्हा बड्या वर्तुळांतून ओरड झाली की गुणवत्ता बुडेल आणि नसलेला वंशभेद जन्माला येईल. शब्द पोर्तुगीज, सूर ओळखीचा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये एकमताने आरक्षण वैध ठरवले आणि त्याच वर्षी केंद्रीय विद्यापीठांसाठीही कायदा झाला. २०२२ च्या जनगणनेत स्वतःला काळे किंवा मिश्रवर्णीय म्हणवणारे ५५ टक्क्यांहून अधिक निघाले. फुटबॉलच्या मैदानावर त्यांची वाण नाही. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये माराकानावर बाहिया आणि फ्लुमिनेन्से यांचा सामना झाला, तेव्हा वरच्या साखळीतल्या २० संघांत दोनच काळे प्रशिक्षक होते आणि ते दोघे त्या दिवशी समोरासमोर उभे होते. फ्लुमिनेन्सेचा मार्काओ आणि बाहियाचा रोजेर माशादो.  सामन्यानंतर रोजेरने पत्रकारांना गुलामीपासूनचा हिशेब शांतपणे समजावून सांगितला. पायांनी खेळणारा काळा चालतो, डोक्याने संघ चालवणारा चालत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

लिओनिदासने खेळ सोडल्यावर डोके वापरण्याची सोय स्वतःच करून घेतली. काही काळ साओ पाउलोला प्रशिक्षण दिले, मग तो रेडिओवर समालोचक झाला. तिथेही तो स्पष्ट बोलायचा आणि तिथेही त्याला गर्विष्ठ म्हणणारे होतेच. रेडिओतल्या कामासाठीचा रोकेत पिंतो हा मानाचा पुरस्कार त्याला एकदा नव्हे, अनेकदा मिळाला. १९७४ चा विश्वचषक हे त्याचे शेवटचे मोठे काम. त्याच सुमारास विस्मरणाच्या आजाराने, अल्झायमरने, त्याला धरले. पुढची तीस वर्षे तो जगला, पण हळूहळू सामने गेले, गोल गेले, माणसे गेली. पत्नी अल्बेर्तिनाने त्याला सांभाळले. शेवटच्या वर्षांत शुश्रूषागृहाचा खर्च साओ पाउलो क्लबने उचलला, ज्या क्लबला त्याच्यापायी फसलेला म्हणून लोक हसले होते त्याच क्लबने. २४ जानेवारी २००४ रोजी साओ पाउलोजवळच्या कोतिया या गावी, वयाच्या ९० व्या वर्षी, लिओनिदास दा सिल्वा मरण पावला.